मशीन वजन सांगतं, नाव आपल्याला शोधावं लागतं

आजीनं कुडाळहून पाठवलेला कुळीथ मी या वेळी दोन वाटण्यांत विभागला, अर्धा पिठीसाठी घरी ठेवला आणि अर्धा सरळ लॅबमध्ये नेला. आमच्याकडे कुळथाची पिठी म्हणजे आठवड्यातून दोनदा ठरलेलीच, भात, पिठी, सोबत सुक्या बांगड्याचा तुकडा. त्यामुळे एमएस्सीच्या प्रोजेक्टला कुठल्यातरी कडधान्याच्या बियांतली प्रोटीन्स ओळखायची आहेत असं मॅम म्हणाल्या तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द कुळीथ हाच निघाला, आणि हरभरा किंवा सोयाबीन न घेता हे घेतल्यामुळे पुढे किती शिकायला मिळणार आहे याची तेव्हा काहीच कल्पना नव्हती.

सुरुवात सोपी होती. कुळीथ दळला, बफरमध्ये ढवळून ठेवला, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी घेतलं आणि जेलवर चालवलं. जेल निळं करून धुतलं की प्रत्येक प्रोटीनची आडवी रेघ दिसते, जड प्रोटीन वर अडकतं, हलकं खाली पळतं. माझ्या जेलमध्ये पंचवीस आणि तीस किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन म्हणजे प्रोटीनचं वजन मोजायचं एकक) खुणांच्या मध्ये एक ठसठशीत बँड होता, आणि नीट उजेडात धरून बघितलं तर तो एक नव्हताच, अगदी जवळजवळ चिकटलेल्या दोन रेघा होत्या. हे कोण आहेत, एवढाच प्रश्न. त्याचं उत्तर मिळायला मला साडेचार महिने लागले.

घरी आणि मित्रमैत्रिणींत सगळ्यांना वाटतं की सॅम्पल मशीनमध्ये टाकलं की स्क्रीनवर प्रोटीनचं नाव येतं, जसं रक्त दिलं की संध्याकाळी साखरेचा आकडा येतो. खरं सांगायचं तर बीएस्सीत मलाही तसंच वाटायचं. पण मास स्पेक्ट्रोमीटर कुणाचंच नाव सांगत नाही, तो फक्त वजन करतो, आणि तेही वजन भागिले चार्ज. नाव येतं ते एका यादीतून, आणि ती यादी माणसांनी बनवलेली आहे. मला या पोस्टमध्ये जे सांगायचंय ते हेच आहे, पण ते नीट कळायला मधल्या पायऱ्या सांगाव्या लागतील.

प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. पूर्वी ती साखळी वाचायची म्हणजे एडमनची पद्धत. पेर एडमन या स्वीडिश शास्त्रज्ञानं ती 1950 मध्ये मांडली. साखळीच्या एका टोकापासून एकेक अमिनो आम्ल रासायनिक पद्धतीनं सोडवायचं आणि ओळखायचं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. पद्धत चोख पण संथ, प्रोटीन भरपूर आणि शुद्ध लागतं, आणि टोकच बंद असेल तर सगळं ठप्प. वजनाचं यंत्र तर तेव्हाही होतं, लहान रेणूंसाठी कित्येक वर्षं वापरात होतं, पण त्यात वस्तू हवेत, म्हणजे खरं तर निर्वातात, चार्ज घेऊन उडायला हवी. आणि प्रोटीन उडत नाही. तापवलं तर ते उडायच्या आधी जळतं, अंड्याचा बलक तव्यावर ठेवून त्याची वाफ व्हायची वाट बघण्यासारखं आहे ते.

हे कोडं 1980 च्या दशकात सुटलं. अमेरिकेत येल विद्यापीठात जॉन फेन यांनी बारीक सुईतून द्राव फवारून त्यावर मोठा व्होल्टेज लावला, थेंब वाळत वाळत लहान होत जातात आणि शेवटी चार्ज असलेलं अख्खं प्रोटीन उघडं पडतं, याला इलेक्ट्रोस्प्रे म्हणतात. फेन तेव्हा सत्तरीच्या आसपास होते. जपानमध्ये शिमाद्झू कंपनीतले इंजिनिअर कोइची तनाका यांनी 1985 मध्ये कोबाल्टच्या बारीक पुडीत चुकून ग्लिसरीन मिसळलं, ते टाकून न देता त्यावरच लेझर मारून बघितलं आणि मोठे रेणू न तुटता उडाले. 2002 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा या दोघांना मिळाला, उरलेला अर्धा एनएमआर या चुंबकीय पद्धतीवाल्या कुर्ट व्युथ्रिख यांना. तनाकांकडे पीएचडी नव्हती, साधी पदवी होती, हे मला फार आवडतं. लेझरची जी पद्धत आज रोज वापरली जाते ती मात्र जर्मनीतल्या हिलेनकाम्प आणि करास यांची, हेही सांगायला पाहिजे.

बरं, आता माझा बँड. ब्लेडनं तो कापायचा, तांदळाच्या दाण्याहूनही बारीक तुकडे करायचे, निळा रंग धुऊन काढायचा, मग साखळीचे भाग एकमेकांना बांधणाऱ्या गंधकाच्या गाठी सोडवायला एक रसायन आणि त्या पुन्हा बसू नयेत म्हणून दुसरं, हे दुसरं अंधारात. आणि मग ट्रिप्सिन. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या पोटात जेवण पचवणारं एन्झाइम, लॅबमध्ये येतं ते बहुतेक वेळा डुकराचं. ते कात्रीसारखं काम करतं पण कुठेही कापत नाही, लायसिन किंवा आर्जिनिन आलं की त्याच्या पुढे कापतं, त्याच्यानंतर लगेच प्रोलिन असेल तर शक्यतो नाही कापत. सदतीस डिग्रीला रात्रभर ठेवायचं, सकाळी जेलमधून बाहेर येतात ते तुकडे, म्हणजे पेप्टाइड्स.

इथे मला खरी काळजी लागली होती, कारण कुळीथ ट्रिप्सिनला अडवणाऱ्या प्रोटीनसाठी प्रसिद्ध आहे. कच्चं कडधान्य पचायला जड असतं त्याचं एक कारण तेच. मैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात कुळथातल्या अशा एका इनहिबिटरची पूर्ण साखळीच वाचून काढली होती, 76 अमिनो आम्लांची. आता माझी कात्रीच ट्रिप्सिनची आणि माझ्या पिठात कात्रीचं तोंड बांधणारं प्रोटीन, मग तुकडे होणार कसे? मी घाबरत घाबरत लॅबमधल्या सीनियर ताईला विचारलं. ती म्हणाली, "अगं जेल कशाला चालवलंस मग? तुझा इनहिबिटर साडेआठ किलोडाल्टनचा, तो पार खाली पळाला. तू कापलास तो बँड पंचवीसच्या वरचा. आणि त्याच्या गंधकाच्या गाठी सोडवल्या की तसाही तो लुळा पडतो." जेल म्हणजे फक्त चित्र नव्हे, ती आधीच केलेली निवड असते, हे मला त्या दिवशी कळलं.

आता मुख्य भाग, वजनावरून अक्षरं कशी वाचतात. प्रत्येक अमिनो आम्लाला इंग्रजी एक अक्षर दिलेलं आहे, आणि गंमत म्हणजे आपण "मराठी" हा शब्द त्यात सरळ लिहू शकतो, एम, ए, आर, ए, टी, एच, आय. मेथिओनिन, अॅलनिन, आर्जिनिन, अॅलनिन, थ्रिओनिन, हिस्टिडिन, आयसोल्युसिन. या साखळीवर ट्रिप्सिन सोडलं तर ते आर नंतर कापणार, म्हणजे दोन तुकडे, "एमएआर" आणि "एटीएचआय". दुसऱ्या तुकड्याचं वजन एक प्रोटॉन धरून 441.25 येतं. पण एवढ्यानं काय कळलं? याच चार अक्षरांच्या उलटसुलट 24 जोडण्या होतात आणि सगळ्यांचं वजन तंतोतंत तेच. गाडगीळ आणि गाळगीड यांची अक्षरं मोजली तर सारखीच भरणार ना.

म्हणून मशीन दुसरी पायरी करतं. नेमक्या त्या वजनाचा तुकडा बाजूला काढतं आणि वायूच्या रेणूंवर आपटतं. आपटल्यावर साखळी बहुधा दोन अमिनो आम्लांमधल्या बंधावरच तुटते, पण प्रत्येक रेणूत वेगळ्या जागी, त्यामुळे आपल्याला सगळ्या लांबीचे तुकडे मिळतात. उजव्या टोकाकडचे तुकडे ओळीनं लावले तर 132.10, मग 269.16, मग 370.21, मग 441.25. आता वजाबाक्या करा. 269.16 मधून 132.10 गेले 137.06, ते हिस्टिडिन. पुढची पायरी 101.05, थ्रिओनिन. पुढची 71.04, अॅलनिन. आणि पहिला 132.10 मधून पाणी आणि प्रोटॉन वजा केले की उरतात 113.08, म्हणजे आयसोल्युसिन. उजवीकडून डावीकडे शब्द वाचून झाला. जिन्याच्या पायऱ्यांची उंची मोजून जिना कुणी बांधला ते सांगण्यासारखं हे काम आहे. मी पहिल्यांदा कागदावर पेन्सिलनं अशी एक शिडी पूर्ण वाचली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मला उठून कुणालातरी दाखवावंसं वाटत होतं.

पण याच्यात पक्क्या अडचणी आहेत. 113.08 हे ल्युसिनचंही वजन आहे, दोघांत अणू तेच, फक्त मांडणी वेगळी, त्यामुळे या मोजणीत शेवटचं अक्षर आय की एल हे सांगताच येत नाही. दोन ग्लायसिन मिळून एका अॅस्पॅरॅजिनएवढे होतात, अगदी शेवटच्या दशांशापर्यंत. ग्लायसिन आणि अॅलनिन मिळून ग्लुटामिन. लायसिन आणि ग्लुटामिन दोघंही 128, फरक 0.036 चा, जुन्या मशीनना तो दिसायचा नाही, अलेक्झांडर माकारोव यांच्या ऑर्बिट्रॅपसारख्या मशीनना, जी 2005 पासून बाजारात आहेत, तो आरामात दिसतो. आणि ते अंधारात टाकलेलं दुसरं रसायन सिस्टिनला चिकटून जी भर घालतं ती 57.02, म्हणजे बरोब्बर एका ग्लायसिनएवढी. शिवाय खऱ्या नमुन्यात शिडी अशी स्वच्छ नसते, मधल्या पायऱ्या गायब, डाव्या टोकाच्या तुकड्यांची दुसरी शिडी त्यातच मिसळलेली, आणि वजनांच्या आलेखात कुठून आले माहीत नाही असे शेकडो बारीक शेंडे. आणि चार अक्षरांचा तुकडा खऱ्या कामात कुणी धरतही नाही, किमान सातआठ अक्षरं पाहिजेत, लहान तुकडा शेकडो प्रोटीनमध्ये सापडू शकतो.

मशीनच्या एका तासाच्या रनमध्ये अशा आलेखांची हजारो चित्रं जमा होतात. ती पेन्सिलनं कोण वाचणार? 1994 मध्ये सिअ‍ॅटलला जिमी एंग, अॅश्ली मॅककॉर्मॅक आणि जॉन येट्स यांनी प्रश्न उलटा केला. चित्रावरून अक्षरं वाचायच्या भानगडीत न पडता त्यांनी माहीत असलेल्या सगळ्या प्रोटीन्सची यादी घेतली, कॉम्प्युटरलाच त्यांचे कागदोपत्री तुकडे करायला लावले, प्रत्येक तुकड्याचं चित्र कसं दिसेल ते काढायला लावलं, आणि मग खऱ्या चित्राशी जुळवलं. ज्याचं सर्वात जास्त जुळलं ते नाव. आजही बहुतेक सॉफ्टवेअर मुळात हेच करतात.

आणि इथेच मेख आहे. सॉफ्टवेअर "सर्वात जास्त जुळणारं" देतं. यादीत खरा माणूस नसेल तर जो उभा आहे त्यातला सगळ्यात जवळचा दाखवतं, आणि त्याच्यापुढे स्कोअर लिहितं, आणि स्कोअर दिसला की आपण विश्वास ठेवतो.

यावर एक सुंदर उपाय आहे. तुम्ही कॉलेजात असाल तर प्रॉक्सी माहीतच असेल. समजा सरांना संशय आहे की हजेरीत प्रॉक्सी लागतात, पण कुणाच्या ते कळत नाही. मग त्यांनी हजेरीच्या वहीत खऱ्या नावांइतकीच खोटी, वर्गात कुणाचीच नसलेली नावं मिसळली आणि हजेरी घेतली. खोट्या नावांना जितके "येस सर" आले साधारण तितकेच प्रॉक्सी खऱ्या नावांतही असणार. प्रोटीनच्या यादीतही हेच करतात, प्रत्येक साखळी उलटी लिहून ती खोटी नावं म्हणून यादीत घालतात, कारण उलटी साखळी निसर्गात नसते. उलट्या नावांवर किती जुळण्या झाल्या ते मोजायचं आणि ते प्रमाण एक टक्क्याच्या आत येईपर्यंत स्कोअरची रेषा वर सरकवायची. इलायस आणि गिगी यांच्या 2007 च्या पेपरनंतर हे जवळजवळ सगळीकडे पाळलं जातं. पण या युक्तीनं फक्त आंधळेपणानं झालेल्या चुका मोजल्या जातात. ज्याचं नाव वहीतच नाही असा मुलगा वर्गात बसलाय, आणि तो शेजारच्या तुकडीतल्या आपल्या सख्ख्या भावासारखा दिसतो, तर त्याला भावाच्या नावानं हजर मांडलं जाईल, आणि ते या पद्धतीत पकडलं जाणार नाही.

माझा पहिला रन आला. सगळ्या सजीवांच्या यादीत शोधलं, आणि सर्वात वर, मोठ्या स्कोअरनं, केराटिन. माणसाचं केराटिन आणि त्याच्या खाली मेंढीचं. कुळथात माणसाची कातडी कुठून आली? माझ्याकडून. जेल कापताना ग्लोव्ह्ज होते पण त्याच ग्लोव्ह्जनं मी केस मागे सारले होते, आणि थंडी होती म्हणून लोकरीचा स्वेटर घालून वाकून बसले होते, बाही जेलच्या वर. केराटिन धुळीत असतं, केसात असतं, सगळीकडे असतं, आणि आपल्या बँडमधलं प्रोटीन नॅनोग्रॅममध्ये मोजायचं असतं. त्या रनमध्ये कुळथाचे तुकडे दोनचारच दिसले, बाकी सगळी वेळ मशीन माझंच वजन करत होतं. मशीनची वेळ आम्हाला महिन्यातून एकदा मिळते, त्यामुळे तो महिना गेला. मला खूप वाईट वाटलं, दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. तेव्हापासून सुती एप्रन, केस बांधलेले, ब्लेड नवीन, जेलची डिश झाकलेली, आणि ट्यूबचा डबा उघडून ठेवायचा नाही.

दुसरा रन स्वच्छ आला. या वेळी मी हुशारीनं शोध फक्त कुळथापुरता मर्यादित ठेवला, म्हणजे मॅक्रोटायलोमा युनिफ्लोरम या त्याच्या शास्त्रीय नावाखाली जेवढी प्रोटीन्स आहेत तेवढ्यातच. वाटलं, नमुना कुळथाचा आहे तर यादीही कुळथाचीच हवी. माझ्या बँडला काहीही मिळालं नाही. इतका जाड बँड, इतकी सुंदर चित्रं, आणि शून्य. सोयाबीनचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, 2010 मध्येच वाचून झालाय, राजम्याचा 2014 मध्ये, त्यांच्या याद्या भरगच्च आहेत, कुळथाच्या नावावर त्या मानानं फारच थोड्या नोंदी. आमच्या कोकणात, कर्नाटकात, आंध्रात गरीब माणसाचं हक्काचं कडधान्य, पाणी नसलेल्या कातळावर येणारं, आणि यादीत जवळजवळ नाहीच, याचा मला तेव्हा रागच आला.

मग सगळ्या वनस्पतींच्या यादीत शोधलं, आणि एकदम उत्तर. बियांतलं लेक्टिन, म्हणजे साखरेच्या रेणूंना चिकटणारं प्रोटीन, आठ वेगवेगळे तुकडे जुळलेले, शिड्या इतक्या लांब की डोळ्यांनी वाचता याव्यात. फक्त एक गोष्ट खटकली, त्या नोंदीसमोर वनस्पतीचं नाव होतं विग्ना अंग्विक्युलाटा, म्हणजे चवळी. मला वाटलं आजीच्या कुळथात चवळी मिसळली. खरंच मी फोन करून विचारलं, दळताना काही मिसळलं होतं का, तर आजी म्हणाली, "चवळी कशाक मिसळतलंय? कुळीथ तो कुळीथ." उरलेले दाणे पेपरवर पसरून एकेक बघितले. सगळे कुळीथ.

ताईनं नोंद उघडली आणि खालची ओळ दाखवली, तिथे जुनं नाव होतं, डॉलिकोस बायफ्लोरस. कुळथाला कित्येक वर्षं सगळे, डॉक्टर, शेतकी खाती, पाठ्यपुस्तकं, डॉलिकोस बायफ्लोरस म्हणायचे. नंतर वनस्पतीशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनं ते नाव ज्या झाडाला दिलं होतं ते मुळात चवळीच्या जातीचं होतं, कुळथाचं नव्हतंच, म्हणून कुळथाला नवीन नाव आलं मॅक्रोटायलोमा. पण डेटाबेसनं नियमाप्रमाणे जुनं नाव चवळीकडे पाठवलं, आणि जुन्या नावाखाली नोंदवलेलं कुळथाचं प्रोटीनही त्याच्याबरोबर चवळीच्या घरी गेलं. म्हणजे माझं प्रोटीन यादीत होतं, फक्त शेजारच्या पत्त्यावर. मी कुळथाचा पत्ता टाकून शोधत राहिले असते तर ते कधीच सापडलं नसतं, आणि मशीन त्यात कुठेही चुकलेलं नव्हतं.

हे लेक्टिन कोण आहे ते कळल्यावर तर मी मावशीला लगेच फोन केला. मावशी ब्लड बँकेत टेक्निशियन आहे. ए रक्तगटाचे दोन मुख्य पोटप्रकार असतात, ए वन आणि ए टू, आणि ते वेगळे ओळखायला तिच्या फ्रिजमध्ये एक छोटी बाटली असते, अँटी ए वन लेक्टिन. ते द्रव थेंबभर टाकलं की ए वनच्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात, ए टूच्या होत नाहीत. ते लेक्टिन कुळथाच्या बियांतलं. आणि ते शोधून काढलं जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी, भारतीय लष्कराच्या वैद्यकीय सेवेतले डॉक्टर, 1951 मध्ये करंट सायन्समध्ये त्यांनी ते छापलं, आणि ते काम करायचे आपल्या पुण्यात, एएफएमसी या लष्करी वैद्यकीय कॉलेजात. मी ज्या शहरात बसून या बँडचं नाव शोधत होते त्याच शहरात सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी हेच पीठ पाण्यात कालवून रक्ताच्या थेंबावर टाकून बघितलं होतं. मावशी पंचवीस वर्षं ती बाटली वापरतेय, तिला तो कुळीथ आहे हे माहीत नव्हतं, कारण लेबलवर लॅटिन नाव असतं. ती म्हणाली, "म्हणजे आपल्या पिठीतलंच?" हो मावशी, पिठीतलंच.

यादीमुळे किती मोठी चूक होऊ शकते याचं एक उदाहरण मला ताईनं त्याच आठवड्यात वाचायला दिलं. अमेरिकेत मधमाश्यांच्या वसाहती अचानक ओस पडत होत्या, कारण कळत नव्हतं. 2010 मध्ये एका गटानं, त्यात लष्करी प्रयोगशाळेतले लोकही होते, अशा वसाहतींतल्या मधमाश्यांच्या नमुन्यांतले प्रोटीनचे तुकडे मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये तपासले आणि सांगितलं की एक इरिडोव्हायरस आणि एक बुरशीसदृश परजीवी मिळून हे करतायत. मोठी बातमी झाली. पुढच्याच वर्षी कॅनडातले लेनर्ड फॉस्टर यांनी तोच डेटा घेऊन दाखवलं की शोधलेल्या यादीत खुद्द मधमाशीचीच प्रोटीन्स नव्हती. नमुना मधमाशीचा, त्यातले बहुतेक तुकडे मधमाशीचे, आणि यादीत फक्त जंतू आणि व्हायरस. मग मधमाशीच्या तुकड्याला सॉफ्टवेअरनं त्यातल्या त्यात जवळचं नाव दिलं, व्हायरसचं. मधमाशीची यादी घालून पुन्हा शोधल्यावर व्हायरसचा पुरावा उरला नाही. हे वाचताना मला माझा चवळीचा दिवस आठवत होता, माझ्या चुकीनं कुणाचं नुकसान झालं नसतं, पण चुकीची जात तीच.

तर आता माझी पद्धत बदललीय. यादीत सगळ्यात आधी घाण घालायची, केराटिन, डुकराचं ट्रिप्सिन, नेहमीची भेसळ, म्हणजे ती तिच्याच नावानं ओळखली जाते आणि दुसऱ्या कुणाच्या नावावर चढत नाही. मग कुळीथ, मग सगळे शेंगवर्गीय भाऊबंद. शिवाय 2021 मध्ये जपानी आणि हिमाचलातल्या शास्त्रज्ञांनी मिळून कुळथाचा जीनोम गुणसूत्रांच्या पातळीवर मांडला, त्यातल्या अंदाजित जीन्सवरून मी आणि ताईनं प्रोटीनची आमची स्वतःची यादी तयार केली. ती घातल्यावर बाकीच्या बँडनाही जुळण्या मिळायला लागल्या, आधी जिथे "राजम्यासारखं काहीतरी" येत होतं तिथे आता कुळथाचीच साखळी येते. तिला अजून नाव नाही, नुसता एक लांब नंबर आहे, पण पत्ता बरोबर आहे.

राहता राहिल्या त्या दोन चिकटलेल्या रेघा. दोन्ही वेगळ्या कापून पाठवल्या, दोन्हीचं उत्तर तेच लेक्टिन. सुरुवातीला वाटलं कापतानाच एकमेकांत मिसळल्या. मग वाचलं की या लेक्टिनचे दोन उपभाग ठाऊक आहेत, जीन एकच, पण बीमध्ये काही साखळ्यांच्या शेपटीचा छोटा तुकडा कापला जातो, म्हणून एक किंचित हलका. जीनोममध्ये हे कुठेच लिहिलेलं नसतं, ते प्रोटीन बघूनच कळतं. मी अधीरपणे दोन्ही रनमधले तुकडे साखळीवर रंगवले. वरच्या रेघेत शेपटीकडचा भाग दिसतोय. खालच्या रेघेत दिसत नाहीये.

मी धावत जाऊन सांगितलं तर ताई म्हणाली, "दिसला नाही म्हणजे नाहीच असं कुठंय? तो तुकडा उडाला नसेल, मशीनच्या आधीच्या नळीला, कॉलमला, चिकटला असेल, त्याच क्षणी मशीन दुसऱ्याच कुणालातरी तोडत बसलं असेल." तिचं बरोबर आहे. शेपटी नाही हे दाखवायचं तर कापलेलं नवं टोकच सापडायला हवं, आणि ते टोक ट्रिप्सिननं नाही तर बीनं स्वतः कापलेलं असल्यामुळे लायसिन किंवा आर्जिनिनवर संपणार नाही, म्हणजे सॉफ्टवेअरला आधी सांगावं लागेल की एका बाजूनं मोकळ्या तुकड्यांनाही मान्यता दे. तसा शोध काल रात्री लावून घरी आले. शोधायची जागा कितीतरी पटींनी वाढते, त्यामुळे तो सकाळपर्यंत चालतो. आणि पुढच्या महिन्याच्या वेळेसाठी खालची रेघ पुन्हा कापून ठेवलीय, या वेळी ट्रिप्सिनऐवजी कायमोट्रिप्सिन लावणार आहे, ते दुसऱ्या जागी कापतं, शेपटीकडचा तुकडा वेगळ्या लांबीचा येईल.

आजीचा काल फोन आला होता, "कुळथात काय गावला गो?" मी म्हटलं, एक प्रोटीन गावलं, त्याची शेपटी गावायची आहे. ती म्हणाली मग अजून दोन किलो पाठवते.